कोठीत जन्मलेला आंबा

"परमुलखातलं फळ दहा दिवस नाक्यावर अडकवून ठेवायचं! अळी निघाली नाही, तरच आत सोडायचं!"

राजा वीरभद्राने असा हुकूम काढला, कारण भर पंगतीत त्याच्या आंब्यातून एका अळीने डोके वर काढले होते.

हुकूम निघाला आणि घाटाखालच्या सातकलमी गावाचे धाबे दणाणले. त्यांचा आंबा घाट चढून याच एका राज्यात विकला जाई, आणि तोही गावात पिकवून, खाण्याजोगा करून. पिकला आंबा दहा दिवस नाक्यावरच्या सरकारी कोठीत! दार उघडले तेव्हा आत नुसता रबरबाट होता. नाकेदार गुंडोपंतांनी नाकाला उपरणे लावून सगळा माल नदीत लोटला.

"पुढच्या साली पण असंच झालं, तर कलमं तोडून लाकूड विकायचं," जिवाजी बागाईतदाराने ठरवले आणि कुऱ्हाडीला धार लावली.

त्याची थोरली लेक अनसा. तिने कुऱ्हाड उचलून दाराआड उभी केली.

"बाबा, पुढची खेप मी नेते. मग काय तोडायचं ते तोडा."

पुढच्या हंगामाच्या तोंडावर ती थेट दरबारात उभी राहिली. "महाराज, हुकूम मागे घ्या. पिकला आंबा दहा दिवस टिकत नाही."

"हुकूम मागे? राजाचा हुकूम म्हणजे काय बैलगाडी आहे, मागे घ्यायला?" राजा गरजला. मग त्याने हळूच आवंढा गिळला, कारण वर्षभर त्यानेही आंबा चाखला नव्हता. "असं कर. दहा दिवस कोठीत राहिलेला आणि तरीही ताजा, असा आंबा मला दाखव. दाखवलास तर मागशील ते देईन. नाही दाखवलास, तर तुमच्या गावाला नाका कायमचा बंद!"

"दाखवते," अनसा म्हणाली. दरबार खो खो हसला.

पंधरा दिवसांनी अनसाच्या गाड्या नाक्यावर आल्या. गाड्या किती होत्या यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही, पण डालगी चाळीस होती एवढे नक्की. गुंडोपंतांनी एक डालगे उघडले. भाताच्या पेंढ्यात दगडासारख्या टणक कैऱ्या! पंतांनी एक चावून पाहिली आणि त्यांचे दोन्ही डोळे मिटले.

"लिही रे!" ते कारकुनावर ओरडले. "जिन्नस कैरी. रंग हिरवा. चव... अरारारा... आंबट!"

"पेंढा तेवढा हलवू नका, पंत," अनसा म्हणाली. "कैऱ्यांना थंडी वाजते."

"वैशाखात?"

"परमुलखातल्या आहेत ना!"

पंतांनी कोठीला कुलूप घातले आणि किल्ली कमरेला लावली.

अकराव्या दिवशी राजा जातीने नाक्यावर आला. कोठीचे दार उघडले मात्र, असा घमघमाट सुटला की पालखीचे भोई पालखी खाली ठेवायला विसरले. पेंढ्यात झाकून आंबा पिकवायचा, म्हणजे अढी घालायची, हे सातकलमीत शेंबडे पोरही जाणते. अनसाने अढी घरात न घालता सरकारी कोठीतच घातली होती! चाळीसही डालग्यांत पिवळेधमक आंबे झळकत होते.

"अळी?" राजाने विचारले.

पंतांनी प्रत्येक डालग्यातला एकेक आंबा कापून पाहिला. "एकही नाही, महाराज! पण माल सोडता येत नाही."

"का?"

"कागदावर कैरी, डालग्यात आंबा! कागदावर हिरवी, आंबट. आणि हा पिवळा," पंतांनी बोट चाटले, "नि गोड! कागद जुळत नाही. नदीत टाकावा लागेल!"

दाराआडची कुऱ्हाड अनसाच्या डोळ्यांपुढे आली. पण ती पुढे सरली.

"बरोबर आहे, पंत. मग माझ्या कैऱ्या द्या."

"कुठल्या कैऱ्या?"

"चाळीस डालगी! कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला. कुठं गेल्या?"

"अगं, याच त्या!"

"याच त्या? मग कागद जुळला. सोडा माल!"

"छे छे! या त्या नव्हेत!"

"मग हे आंबे आले कुठून? नाक्यावरून तर एकही आंबा आत आला नाही. तुमच्याच कागदाला विचारा! म्हणजे हे जन्मले इथंच, सरकारी कोठीत. हे परमुलखातले नाहीतच, महाराज! घरच्या मालाला कसला नाका?"

राजाच्या मिशा हलल्या, पण तोही कमी नव्हता.

"शाबास! माझ्या कोठीत जन्मले ना? मग आंबे माझे! उचला रे डालगी!"

शिपाई पुढे झाले. अनसाने पदर खोचला.

"महाराज, लेक माहेरी बाळंत झाली, तर आजोळची माणसं नातवंड ठेवून घेतात का?"

"नाही..."

"त्याला परकं म्हणून नदीत टाकतात का?"

"काहीतरीच काय!"

"काय करतात मग?"

राजा असा हसला की त्याचा मंदिल घसरून डालग्यात पडला. "बारसं करतात, पोरी! बारसं करून, अंगडं-टोपडं घालून, लाडानं पाठवणी करतात! गुंडोपंत, बारशाला आत्या लागते. या पुढे!"

पंतांना एक आंबा ओंजळीत घेऊन त्याच्या देठापाशी "कुर्रर्र" करावे लागले. नाव ठेवले 'कोठीराज'. राजाने पाच कोठीराज तिथल्या तिथे चोखून खाल्ले, बाकीचा माल सोडला आणि कोपरापर्यंत ओघळ आलेल्या हाताने हुकूम दुरुस्त केला: यापुढे कागदावर 'आंबा, कच्चा अथवा पिका' असे लिहावे, आणि सातकलमीच्या कैऱ्यांना कोठीत पेंढा सरकारने घालावा.

"आणि तुला काय हवं?"

"आमची कुऱ्हाड फार धारेची झालीय, महाराज. तिला दुसरं काम द्या."

राजाने सातकलमीला लागून असलेला आपला माळ अनसाला नव्या कलमांसाठी लिहून दिला. त्यावरची काटेरी झुडपे जिवाजीने त्याच कुऱ्हाडीने तोडली!