माळढोक आणि मंत्र्यांचं हेलिकॉप्टर

वनमंत्री झाडं लावायला हेलिकॉप्टरने माळावर उतरले, तेव्हा खड्डे खणून तयार होते. खणताना माळढोकाचं अंडं फुटलं होतं. ते हातात घेऊन वनखात्याच्या अधिवास तज्ज्ञ सिंधू वाघमोडे पुढे आल्या.

“साहेब, हा पक्षी उघड्या गवतातच राहतो. झाडं वाढली की त्याचं घर गेलं.”

मंत्री हसले. “अहो मॅडम, पंख आहेत ना त्याला? जाईल उडून दुसऱ्या माळावर!”

“तुमच्याकडे तर हेलिकॉप्टर आहे, साहेब. मग गेल्या निवडणुकीत शेजारचा मतदारसंघ मिळत होता, तेव्हा इथूनच उभं राहायचं म्हणून उपोषणाला कशाला बसलात?”

मंत्र्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळे खड्डे बुजले.

पण माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्या वर्षीचं ते सिंधूताईंच्या ओंजळीत होतं.