सकाळचा घास

त्या मुलखात कुणालाच भूक लागत नसे, कारण कुणाचेच खाणे कधी थांबत नसे.

मुलखाच्या मधोमध एक लाकडी पन्हळ गेली होती. ती कुठून येते हे कुणी पाहिले नव्हते, आणि विचारायला कुणाचे तोंड मोकळे नव्हते. तिच्यातून रात्रंदिवस कोमट, गोडसर, पातळ आंबोण वाहत असे आणि दोन्ही काठांना शेळ्या माना खाली घालून ते पीत असत. आंबोणाची गंमत अशी की एका घोटाला गुळाचा वास, दुसऱ्याला करपलेल्या भाकरीचा, तर तिसऱ्याला कुठल्यातरी दोन बोकडांच्या ताज्या भांडणाचा. आत्ताचा घोट बरा होता की वाईट, हे ठरायच्या आत पुढचा ओठाशी आलेला असे. चावायचे काही नव्हतेच. जरा मान वर करावी असे एखादीला वाटले, तरी नेमका पुढचाच घोट झकास निघाला तर, या धास्तीने ती मान मुकाट्याने खाली जाई.

कबरी नावाची शेळी याच काठावर उभी असे आणि तिच्या शेजारी मोरी. दोघी एका कळपात वाढलेल्या. पन्हळ येण्याआधी त्यांनी आसपासच्या टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. तेव्हा त्यांची एक रीत होती. दिवसभर चरून आल्या की दोघी पाठीला पाठ लावून बसत, डोळे मिटत आणि सकाळी घाईघाईने गिळलेला पाला पुन्हा तोंडात आणून सावकाश चघळत. पाल्याची खरी चव कळायची ती या रवंथाच्या वेळी. एकमेकींचा श्वास हुंगला की आज ही कुठे जाऊन आली, हे त्यांना न सांगता समजे.

एका संध्याकाळी पन्हळीत कसलासा कचरा अडकला आणि आंबोण घटकाभर थांबले. काठावर हाहाकार उडाला. कुणी पन्हळीला शिंगे मारली, कुणी नुसते ओले लाकूड चाटत बसले. कबरीला मात्र जुन्या सवयीने खाली बसावेसे वाटले. ती बसली, तिने डोळे मिटले, जबडा हलवून पाहिला. पोट टम्म भरलेले होते आणि वर आणायला त्यात एक काडी नव्हती.

"मोरे, आज आपण काय काय प्यालो गं?" तिने विचारले.

"लई काय काय. झकास होतं सगळं."

"त्यातलं एखादं सांग की."

मोरीने आठवून पाहिले. तिला एकही सांगता येईना.

"बरं, झऱ्यापलीकडची ती बोर तरी आठवते का? तिच्या काट्यांत आपण दोघी अडकलो होतो बघ."

"कुठली बोर?" मोरी म्हणाली. तेवढ्यात आंबोण पुन्हा सुरू झाले आणि तिची मान खाली गेली.

मोरी विसरली याचे कबरीला दुःख होतेच, पण त्या बोरीची चव स्वतः आठवायला गेली तर तिच्याही जिभेवर आला तो नुसता कोमट गोडपणा. झाड डोळ्यांपुढे दिसत होते, चव मात्र गेली होती. आज चव गेली, उद्या झाड जाईल, आणि परवा शेजारी उभी असलेली ही मोरी आपली कोण, हेही आठवायचे नाही. हे आपण होऊ द्यायचे नाही, असे तिने तिथल्या तिथे ठरवले. शेळीला पदर असता तर तिने तो खोचलाच असता.

सकाळ होताच ती निघाली. वाटेत उंच खडकावर थोरले बोकडराव बसले होते. त्यांची दाढी मोठी होती आणि मत त्याहून मोठे होते. कुणी चरायला निघाल्याची चाहूल लागली की ते घसा खाकरत.

"चरायचं तर कड्यावरच्या खैराला तोंड लावावं," ते म्हणाले. "बाकी झुडपांत वेळ घालवणं शेळीला शोभत नाही."

कबरीला ते पटले, निदान पटल्यासारखे वाटले. ती धापा टाकत कडा चढली. सवय मोडलेल्या तोंडात खैराचे काटे घुसले, हिरड्या रक्ताळल्या, आणि एक घास काही केल्या गिळता आला नाही. आपलीच लायकी नाही, असे म्हणत ती खाली मान घालून निघाली, तेव्हा तिला दिसले की त्या खैराखाली आपल्याखेरीज कुणाच्याच खुराचा ठसा नाही. बोकडरावांच्याही नाही. तिने ते पाहिले, पण हिरड्या इतक्या ठणकत होत्या की ती सरळ पन्हळीकडे गेली. त्या दिवशी आंबोण तिला भारी गोड लागले, आणि त्याचाच तिला राग आला.

दुसऱ्या सकाळी ती कड्याकडे वळलीच नाही. झरा ओलांडून बोरीपाशी गेली. लहानपणी डोंगराएवढी वाटलेली बोर तिच्या पाठीएवढीच होती. पाला कोरडा लागला. जबडा दुखू लागला. दोन घास होतात न होतात तोच मान आपोआप पन्हळीकडे वळे आणि कानात तो झुळझुळ आवाज घुमे. असे पुन्हा पुन्हा झाल्यावर कबरीने एक केले. ती मुद्दाम झुडपाच्या आत शिरली. काट्यांनी तिचे केस धरून ठेवले. आता मान वळवायची म्हटली तरी वळेना. "बस आता इथंच," ती स्वतःला म्हणाली, आणि समोरची फांदी तिने शेवटपर्यंत खायला घेतली.

ती फांदी संपली तेव्हा तिच्या ध्यानात आले की मधल्या वेळात पन्हळ आपल्या कानांत वाहिलीच नाही.

त्या बोरीवर एक गुळवेल चढली होती. कबरीने ती चाखली. कडू निघाली, पण तो कडूपणा तिला आवडला. मग ही आली कुठून, म्हणून ती केस सोडवून घेत बाहेर पडली आणि वेलीच्या कडेकडेने चालत गेली. वेलीचे दुसरे टोक एका हिवराच्या बुंध्याशी होते. हिवराच्या शेंगांविषयी तिने ना कधी ऐकले होते ना त्या पाहिल्या होत्या. पुढे घाणेरीचे झुडूप लागले. त्याचा एक घास घेऊन तिने तो सरळ थुंकला आणि ती पुढे चालू लागली. मागे खडकावरून कुणीतरी घसा खाकरला. तिने वळून पाहिले नाही. कड्यावरचा खैर दिसत होता. तो कुठे पळून जात नव्हता. हिरड्या घट्ट झाल्या की बघू, असे ती म्हणाली, आणि तसे म्हणताना तिला मुळीच लाज वाटली नाही.

संध्याकाळी ती पन्हळीशी परतली, ती केवळ मोरीसाठी. आंबोणाकडे पाठ करून, मोरीच्या पायांना टेकून ती बसली आणि तिने डोळे मिटले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग पोटात हलल्यासारखे वाटले आणि गळ्यातून एक गोळा वर आला. सकाळी कळला नव्हता तो बोरीचा तुरटपणा आता कळला, त्यामागून गुळवेलीचा कडूपणा आला. कबरीला रडू फुटले, पण तिने चघळणे थांबवले नाही.

शेजारी मोरीचे घुटके चालू होते. ते मध्येच थबकले.

"काय खातेस गं?" मान वर न करता तिने विचारले. "तुझ्यापुढं तर काहीच नाही."

"सकाळचंच."

मोरीने मान वर केली. हनुवटीवरून आंबोण टपकत होते. कबरीच्या तोंडाशी नाक नेऊन ती हुंगत राहिली. तोवर पन्हळीतून घोटामागून घोट वाहून गेले.

"झऱ्यापलीकडची," ती हळूच म्हणाली. "आपण अडकलो होतो ती."

कबरी तोंडातला घास चघळत राहिली. मोरी तिच्या पाठीला पाठ लावून खाली बसली. तिने डोळे मिटले, आणि तिचा रिकामा जबडा एकदा डावीकडून उजवीकडे हलला.