कडुनिंब आणि काचेचं छत

धूर कोण सोडतं यावर तावातावानं भांडता. सावली कोण देतं, हे मात्र कधी विचारत नाही!

गाड्या बोलायच्या त्या काळी एका सोसायटीत महागडी इलेक्ट्रिक गाडी आली. कडुनिंबावरच्या कावळ्यानं पहिल्याच दिवशी तिचं काचेचं छत घाण केलं. तिनं लगेच सगळ्या गाड्यांची सभा बोलावली. "मी धूर सोडत नाही, पृथ्वी वाचवते. माझ्यासाठी एवढं झाड तोडा."

"पृथ्वी वाचवते म्हणे! तुझी वीज कोळशावरच होते ना?" डिझेलची जीप गुरगुरली. "पण झाड तोडायला माझी हरकत नाही. माझ्यावरही पानं पडतात."

"अगं बायांनो, मग ऊन कोण अडवणार?" म्हातारी सायकल म्हणाली.

"तुला ना बॅटरी, ना टाकी. तू गप्प बस!" दोघी एका सुरात ओरडल्या.

बहुमतानं कडुनिंब आडवा झाला. वैशाखात इलेक्ट्रिक गाडी इतकी तापली, की तिचं चार्जिंगच बंद पडलं. "कुणीतरी जरा सावली द्या हो!" ती कळवळली.

तेवढ्यात कावळा तिच्या छतावर उतरला आणि पंख झाडून ऐसपैस बसला.

"फांदी काही राहिली नाही, ताई," तो म्हणाला, "तेव्हा यापुढे आमचा मुक्काम इथंच."