त्याचं तोंड

“मग कोण बघणार त्याचं तोंड?”

लतीफबाबांनी शांतपणे विचारलं. ते दर्ग्याच्या पायरीवर उन्हाला पाय सोडून बसले होते.

“शहरात डॉक्टर पुष्कळ आहेत,” वैजयंती म्हणाली.

ती स्वतः तोंडाच्या आजारांची डॉक्टर होती. चार जिल्ह्यांतून तिच्याकडे नमुने तपासायला यायचे आणि तिचं निदान सहसा चुकत नसे. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

थोरल्या भावाच्या, दिगंबरच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. वहिनीनं निरोप धाडला होता : हे दुसऱ्या कुणाला दाखवायला तयार नाहीत, तुम्हीच येऊन बघा.

पण वडिलांच्या तेराव्याला, चार माणसांत, दिगंबर तिला म्हणाला होता, तू या घराची कोणी नाहीस. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

“ज्या तोंडानं तो मला तसं बोलला, ते तोंड मी बघणार नाही, बाबा.”

वडील असताना ती त्यांच्याबरोबर इथं यायची. तुझं बरोबर आहे, एवढंच तिला बाबांकडून ऐकायचं होतं.

बाबा तिच्याकडे वळले.

मग त्यांनी आपलं तोंड उघडलं. मोठा आ केला.

ती गोंधळली. पण हाताला सवय होती. तिनं मोबाइलचा दिवा लावला, त्यांची हनुवटी धरली आणि पाहिलं.

“चांगलं आहे,” ती म्हणाली.

“काय काय दिसलं?”

तिनं सांगितलं. टाळू आणि हिरड्या राठ, कारण घास तिथंच घासला जातो. गालाची आतली बाजू मऊ आणि ओली. सगळ्यावर पेशींचे थरावर थर.

“जुनं झालं असेल आता. माझ्याएवढंच.”

ती हसली. हे तिच्या आवडीचं होतं. तिनं समजावलं की पेशी जन्मते सगळ्यांत खालच्या थरात. खालून नवी आली की ती वर ढकलली जाते. वर सरकता सरकता चपटी होते. मग एक दिवस सुटते आणि लाळेबरोबर पोटात जाते.

“तुमच्या गालाचं हे अस्तर फार तर पंधरवड्याचं, बाबा.”

“सगळ्यांचंच असं?”

“सगळ्यांचंच.”

बाबांनी मान हलवली. समोरच्या माळावर चरणाऱ्या शेळ्या पाहिल्या.

“मग बेटा... तुला बोललं ते तोंड आता कुठं आहे?”

तिनं मोबाइलचा दिवा बंद केला...

आणि पायरीवरून उठली.

त्याच दुपारी ती दिगंबरच्या घरी गेली. त्याला खिडकीपाशी बसवून तपासलं. तुटक्या दाढेची कड गालाला सारखी घासत होती. तिनं दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात आणून कड गुळगुळीत केली, सुपारी बंद करायला सांगितली. कर्करोग नसल्याच्या खात्रीसाठी चट्ट्याचा कणभर तुकडाही काढला. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला. खालपासून वरपर्यंत पेशी शहाण्यासारख्या आपापल्या रांगेत होत्या. पुढं चट्टाही विरून गेला.

हे सगळं सांगायला ती पुन्हा दर्ग्यात आली. चेहरा निवळला होता. वहिनीनं डबा भरून दिलेल्या पुरणपोळ्या तिनं बाबांपुढे ठेवल्या.

बाबांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला. सावकाश चावू लागले.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “माफी मात्र मागितली नाही त्यानं. एक शब्द बोलला नाही.”

“तपासताना?”

“तपासताना गप्पच होता. मी सांगितलं तसं आ करून बसला. डोळे मिटून...”

बाबांनी घास गिळला.

“याहून मोठ्यानं कुणी काय बोलायचं, बेटा?”