पिन बोटांनी निघाली पाहिजे

"अजून किती आवळू, वस्ताद?"

गाडीखालून सयाजीचे फक्त पाय दिसत होते. पिकअपची मागची दोन्ही चाकं जॅकवर अधांतरी लोंबत होती.

दस्तगीर वस्ताद शेडमधल्या खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी फुंकर घातली आणि आणखी एक घोट घेतला.

बाहेर वाघजाईच्या जत्रेचा नुसता गलका उठला होता. आम्ही कुसरवाडीची वाजंत्री मंडळी नगारा घेऊन शेडपुढे खोळंबलो होतो, आणि हलगीवर थाप टाकायला माझे हात शिवशिवत होते.

जत्रेची रीत अशी. देवीचा नगारा गाडीत घालायचा आणि वेशीपासून डोंगरावरच्या देवळापर्यंत कुठेही न थांबता न्यायचा. गाडी थांबली की नगारा तिथेच उतरतो आणि मागून येणाऱ्या गावाच्या गाडीत चढतो. त्या सालचा मान त्यांचा. बैलगाड्या होत्या तेव्हाही हेच होतं. आणि ज्याच्या हातून गाडी दोनदा थांबली, त्याला पुन्हा कधीही स्टिअरिंग मिळत नाही.

सयाजीच्या हातून ती गेल्या वर्षी थांबली होती.

शेवटच्या वळणावर चढ छातीवर येतो. तिथे त्याने रेस दिली आणि मागची चाकं जागच्या जागी उड्या मारू लागली. नगारा धारेवाडीच्या गाडीत गेला. त्यानंतर वर्षभर धारेवाडीचं माणूस दिसलं की सयाजी रस्ता बदलायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

म्हणून यंदा त्याने ट्रॅक्शन बार आणले. नाव मोठं, पण वस्तू म्हणजे दोन लोखंडी दांडे. चढाला रेस दिली की मागच्या चाकांचा आस उलटा पिळतो, त्याच्याबरोबर पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाकतात, मग सुटतात, आणि चाक उडतं. दांडा आसाला चेसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, धरून ठेवतो आणि पिळू देत नाही. दांड्याची लांबी नटाने कमीजास्त होते आणि त्याचं टोक चेसीला पिनेने अडकतं.

सयाजी वस्तादांच्याच हाताखाली शिकलेला. आता आपल्याला सगळं येतं, असं त्याचं मत होतं. त्याने दुकानातला सगळ्यात जाड, आखूड आणि लालभडक जोड उचलला होता. वस्तादांनी तो पाहिला आणि त्याच्या हातात सुतळी दिली. पाट्याच्या पुढच्या टोकापासून आसापर्यंत माप घे, म्हणाले. सुतळी दांड्यापेक्षा कितीतरी लांब भरली.

"पाटा ज्या घेरात हलतो, त्याच घेरात दांडा हलला पायजे," एवढंच बोलले.

सयाजी मुकाट्याने लांब, सडपातळ जोड बदलून घेऊन आला. पण तोंड पाडूनच. बसवणार मात्र मीच, असं तेव्हाच सांगून ठेवलं होतं त्याने.

"वस्ताद, आवळू का?"

"तुला काय वाटतं?"

"गच्च. जरासुदीक हलायला नको."

"मग आवळ की."

त्याने पान्याला पाइप लावून नट असा आवळला की मानेच्या शिरा फुगल्या. बाहेर आला, हात पुसले, आमच्याकडे असं पाहिलं जणू नगारा वर पोचलाच. मग जॅक उतरवला.

गाडी खाली बसली तसे वजनाने ताणून दांडे करकरले.

शेडसमोरच एक छोटा चढ आहे. त्यावर त्याने गाडी घातली, रेस दिली… आणि चाकं गेल्या वर्षीपेक्षा जास्त उडाली.

तेवढ्यात वेशीकडून धारेवाडीच्या गाडीचा हॉर्न वाजला. सयाजीचा चेहरा पार उतरला. मला त्याची खरंच कीव आली.

वस्ताद उठले. गाडीकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले.

"हलगी तापवलीस?"

"न्हाई अजून. वाजवायच्या तोंडावर तापवीन."

"घरनंच तापवून का न्हाई आणलीस?"

"वाटंत गार हून कातडं ढिलं पडतं की, वस्ताद."

"ऐकलंस?" त्यांनी सयाजीला विचारलं.

सयाजी वैतागला. तिकडे मान चाललाय आणि तुम्ही हलगीचं काय काढलंय, असं काहीबाही बोलला. वस्तादांनी नगाऱ्याकडे हात केला.

मग म्हणाले, "नगारा गाडीत घाला. आन् तुम्ही बी समदे चढा."

काम व्हायचंय अजून, असं सयाजी म्हणत होता. त्याचं कोणी ऐकलं नाही. नगारा चढला, त्यामागून ढोलवाले, झांजवाले, मी आणि आमचे भले थोरले सनईवाले चढले. गाडी चांगली वीतभर दबली.

"आता खाली शिर," वस्ताद म्हणाले. "आन् सैल कर."

"सैल?"

"पिन बोटांनी निघंस्तवर."

सयाजी खाली शिरला. आम्हाला वरून दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. नट फिरला, दांडा एकदा कण्हला, मग शांत झाला. दुसऱ्या बाजूचाही तसाच.

"निघाली," खालून आवाज आला. "पर वस्ताद, ह्यो दांडा तर आता कायच करंना."

"उभ्या गाडीत त्यानं काय करायचं असतं?"

वस्तादांनी गाडीच्या फळीवर थाप मारली.

"पिन परत घाल. लॉकनट लाव. आन् चल."

एवढं बोलून वस्ताद स्वतःही मागे चढले आणि नगाऱ्याला टेकून बसले. मी खाली उडी मारून शेडपुढच्या जाळावर हलगी घाईघाईने तापवून घेतली, परत चढलो आणि पहिली थाप टाकली.

काय सांगू, गाडी वेशीतून निघाली तेव्हाच अंगावर काटा आला. दोन्ही बाजूंनी माणसं धावत होती, गुलाल उडत होता, मागे धारेवाडीची गाडी नाक लावून होती. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. शेवटच्या वळणाला वाजंत्र्यांनी आपोआप हात थांबवले.

सयाजीने रेस दिली. मागचा भाग दबला, खाली कुठेतरी एकदाच 'धप्' झालं, दांड्याने आस धरला… आणि चाकं जमिनीला चिकटूनच फिरली. मला इतका आनंद झाला की हलगी विसरून मी नुसता ओरडत राहिलो.

गाडी थेट देवळाच्या पायरीशी थांबली.

नगारा उतरला, आम्ही उतरलो, आणि सयाजीला खांद्यावर घेतलं. तो रडत होता आणि हसतही होता. एवढ्यात धारेवाडीची गाडी वर आली. तिचे चालक गणपा धायगुडे, वयाने थोर माणूस, गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी सयाजीपुढे हात केला.

"झ्याक चढवलीस रं."

सयाजीने खांद्यावरूनच, चार लोकांना ऐकू जाईल असं सुनावलं, "आता दर साली आमच्या मागनंच या, आण्णा. धूर खायची सवय लावून घ्या."

आमचे लोक हसले. मीही हसलो. गणपा आण्णांचा हात तसाच पुढे राहिला.

"सयाजी," वस्तादांनी हाक मारली. "खाली ये. पिन काढून दाव."

"आत्ता? हितं?"

"हितंच."

तो नवा सदरा आणि कपाळावरचा गुलाल घेऊन रिकाम्या गाडीखाली शिरला. बोटांनी ओढून पाहिलं. तळव्याने ठोकून पाहिलं. दांड्यावर हातोडीही मारली. लोक वाकून बघू लागले.

"वस्ताद, अडकली." आवाज एकदम बारीक झाला होता. "मगाशी तर बोटांनी निघत हुती."

वस्ताद गाडीखाली वाकले नाहीत. ते गणपा आण्णांच्या हाताकडे बघत होते…

"वजन उतरलं न्हवं, गाडीचं बी आन् तुजं बी?" ते म्हणाले. "मग परत सैल करायचं."