खोतांचं वजन

गेल्या शिमग्यात खाडीत बुडालेले खोत सकाळच्या धुक्यातून निथळत आले आणि पोसू मिस्त्रीच्या होडीपाशी उभे राहिले.

"माझ्या होडीच्या इंजिनाला पाणी कापायचा पंखा लहान लावलास म्हणून मी बुडालो. आता सगळ्यात मोठा दे, नाहीतर तुझ्या होडीत बसून ती बुडवीन."

पोसूनं हातातला पाना खाली ठेवला.

"पंखा वजनावर ठरतो, खोत. बसा, होडी किती दबते बघू."

त्यानं पाण्याला लागून होडीवर खडूची रेघ ओढली. ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं गाव दबायचं, ते खोत होडीतल्या फळीवर ऐटीत बसले. रेघ कोरडीच राहिली.

"केसभरही दबली नाही, खोत. आता बुडवणार कशी?"

खोत त्या रेघेकडे बघत राहिले. धुकं निवळलं, तेव्हा फळी नुसती ओली होती.