शेवटी बुडवलेले लुगडे

ही कथा गेल्या माघातील शुद्ध पंचमीला, दुपारच्या वेळी, एका वृद्ध रंगारणीने हिरडे फोडता फोडता सांगितली. तिने ती आपल्या आत्याकडून ऐकली होती. जशी ऐकली तशीच ती येथे मांडली आहे.

ज्याची गणना कोणी ठेवली नाही अशा फार जुन्या काळी, एका डोंगराळ राज्यात एक गाव होते. गावाला पाण्याचा एकच पाट होता. पाटाच्या अगदी शेवटी चार घरे होती. वरच्या बागा भिजून होईपर्यंत तेथे जेमतेम चिखल पोहोचत असे.

दर कार्तिकात देवळापुढे सभा भरे आणि पाण्याच्या पाळ्या ठरत. सभेची एक रीत होती: विटक्या वस्त्रात येणाऱ्याने बोलायचे नाही. शेवटच्या चार घरांत धड रंगाचे कापड उरले नव्हते, म्हणून ती घरे वर्षानुवर्षे गप्प बसत. त्या वर्षी तर शेवटची पाळीच बंद होणार, असे कानावर आले.

त्यांतील एका घरात सासू-सून राहत. सुनेचा नवरा दूर किल्ल्यावर चाकरीला होता. घराच्या वतीने सभेत तिलाच जायचे होते.

"आत्याबाई, नवे लुगडे घेण्याची ऐपत नाही," सून म्हणाली. "हेच रंगवता येईल का?"

सासूचे माहेर रंगाऱ्यांचे. ती म्हणाली, "येईल. हळदीच्या नादी मात्र लागू नकोस, ती चार उन्हांत उडते. डाळिंबाच्या साली आणि हिरडे उकळ. आणि गंजके खिळे गुळाच्या पाण्यात घाल. गंजके लोखंड तेवढे आपल्या घरी कधी कमी पडले नाही."

आठवड्याने खिळ्यांचे पाणी काळपट झाले. सून लुगडे तसेच काढ्यात टाकणार, तोच सासूने हात धरला.

"आधी मळ काढ, जुनी खळ काढ. नाहीतर ठिपके उठतील आणि बिबट्या होऊन सभेत जाशील. बागाईतदार घाबरतील, पण पाणी नाही देणार."

सुनेने लुगडे स्वच्छ धुतले, आणि मग तिन्ही शेजाऱ्यांना कापडे घेऊन बोलावले.

"हंडा एकच आहे," सासू कुरकुरली. "पहिल्या कापडाला काळाभोर रंग चढतो, चौथ्याला नुसती राख. आधी आपले बुडव."

"शेजारच्या म्हातारबाबांचा अंगरखा माझ्या लुगड्याहून विटला आहे, आत्याबाई. त्याला राख पुरायची नाही."

तिने एकेक कापड काढ्यात मुरवले, मग लोखंडाच्या पाण्यात बुडवले. प्रत्येक कापडागणिक रंग उतरत गेला. तिचे लुगडे सर्वांत शेवटी गेले आणि राखाडी होऊन निघाले.

सभेत एक बागाईतदार उठला. "हे लुगडे विटकेच आहे. हिला बोलता येणार नाही."

मुख्य पंचाने पदर निरखून पाहिला. रंग फिका होता, पण सगळीकडे सारखा. एकही डाग नव्हता. "बाई, तुझ्या शेजाऱ्यांची वस्त्रे गडद आणि तुझेच फिके, हे कसे?"

रीतीप्रमाणे ती गप्प राहिली. अंगरख्यातले म्हातारबाबा पुढे झाले.

"चारही एकाच हंड्यातली आहेत, पंच. तिने आमची आधी बुडवली. तिची सासू अजून तिच्याशी नीट बोलत नाही."

सभा हसली. पंच मात्र हसला नाही.

"रंग उतरत जातो हे ठाऊक असून जी शेवटी थांबली," तो म्हणाला, "तिच्याच हाती पाट असावा. आजपासून पाळ्या ही लावील."

सुनेने पहिली पाळी पाटाच्या शेवटापासून लावली आणि आपल्या शेताची सर्वांच्या मागून. त्या हंगामात शेवटच्या चारही शेतांत प्रथमच गहू उभा राहिला, आणि वरची एकही बाग वाळली नाही.

थोडके सर्वांना पुरवायचे असेल, तर वाटणाऱ्याने आपला वाटा शेवटी घ्यावा.

विटक्या वस्त्राची ती रीत त्याच सभेत मोडली की पुढच्या वर्षी, हे मात्र रंगारणीलाही सांगता आले नाही, आणि त्याचा पडताळा इतरत्र कोठेही मिळाला नाही.